कंबोडियाच्या बाजूचा मामा

माझी भाची कंबोडिया होती, तेव्हाची ही गोष्ट. फार जुनी नाही, गेल्या हिवाळ्यातली.

भाची म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. बहीण आणि मेहुणे शेंदूरजनाघाटला असतात, संत्र्याच्या बागेवर. मुलगी कॉलेजसाठी अमरावतीला आमच्या घरी. तीन वर्षांपूर्वी ती बॅग घेऊन दारात उभी राहिली तेव्हा मी बायकोला हळूच म्हणालो होतो, "फार बुजरी आहे, हिला बोलतं करावं लागेल." हे वाक्य बायकोनं जपून ठेवलंय. भाचीचं आणि माझं वाजलं की ती स्वयंपाकघरातून विचारते, "झालं का बोलतं करून?"

तिच्या कॉलेजात एक मंडळ आहे. ही मुलं वेगवेगळ्या देशांचे प्रतिनिधी होतात आणि संयुक्त राष्ट्रांची सभा भरते तशी हुबेहूब सभा भरवतात. जो देश वाट्याला येईल तो घ्यायचा, आवडो न आवडो. दोन दिवस त्याच्या बाजूनं भांडायचं, इतर देशांशी जुळवून घ्यायचं, ठरावाचा मसुदा लिहायचा आणि शेवटी तो मतदानाला ठेवायचा. पोरं त्याला एमयूएन म्हणतात. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हणालो, "म्हणजे भातुकलीच की. फक्त इस्त्रीच्या कपड्यांतली."

भाचीनं आतून कागदांचा एक गठ्ठा आणून माझ्यासमोर ठेवला. मेकाँग नदी, तिच्यावरची धरणं, खालच्या देशांतली भातशेती, मासेमारी. "मामा, तुमी भूगोल शिकवता ना? मंग सांगा, कंबोडियात एक नदी वर्षातले काही महिने उलटी वायते. कोनती?"

मी सव्वीस वर्षं शाळेत भूगोल शिकवतोय. नदी उगमाकडून मुखाकडे वाहते, हे मी फळ्यावर इतक्या वेळा लिहिलंय की झोपेतही लिहीन. मी म्हणालो, "नदी उलटी वाहत नसते."

ती वाहते. पावसाळ्यात मेकाँग इतकी फुगते की तिला येऊन मिळणारी टोनले साप नदी उलट्या दिशेनं धावते आणि आतलं मोठं तळं भरून टाकते. पाऊस सरला की तेच पाणी परत खाली उतरतं. त्या भरण्या-उतरण्यावर मासे, आणि माशांवर माणसं. वरच्या धरणांनी पाणी कधी अडवलं, कधी सोडलं हे खालच्यांना कळलं नाही, तर सगळा मेळ बिघडतो. हे मला एका एकोणीस-वीस वर्षांच्या पोरीनं पोळी खाता खाता समजावलं. दुसऱ्या दिवशी मी ते नववीच्या वर्गात स्वतःचं ज्ञान म्हणून सांगितलं, हेही कबूल करतो.

या सभांचा एक नियम असा की 'मी' म्हणायचं नाही. बोलायचं ते देशानं. त्याचा सराव आमच्या घरात महिनाभर चालला होता.

"कंबोडियाले अजून एक भाकर पायजे."

"कंबोडियाले सांगा," माझी बायको म्हणायची, "जेवन झाल्यावर ताट घासून ठेव म्हना."

"कंबोडिया या मागनीचा विचार करते."

हसून घ्यायचो आम्ही. पण तिच्या जीवाला काय लागून राहिलंय ते घरात सगळ्यांना माहीत होतं. तीन वर्षांत ती अशा पाच सभांना जाऊन आली होती. बोलली चांगली, शाबासकी मिळाली, पण तिनं लिहिलेला मसुदा एकदाही मंजूर झाला नव्हता. कधी मतं कमी पडली, कधी दुसऱ्या कोणाच्या मसुद्यात तिची दोन कलमं विरघळून गेली. आता अकोल्याला भरणार होती ती शेवटची. त्यानंतर परीक्षा, आणि मग नोकरीच्या मागे पळणं. "एकदा," ती मामीला म्हणाली होती, "कागदावर वरती लिहिलेलं असावं, मुख्य प्रस्तावक कंबोडिया. आन् खाली, मंजूर. बस. बक्षीस नाही भेटलं तरी चालते."

आता मी मध्ये कसा आलो, ते सांगतो. तिच्यासोबत कॉलेजच्या आणखी दोन मुली जाणार होत्या, दुसऱ्या समित्यांमध्ये. त्यांच्या प्राध्यापकांना नेमकं परीक्षेचं काम लागलं. बहिणीचा फोन आला, "दादा, पोरी एकट्या दोन दिवस अकोल्यात. तू जाय ना सोबत. तुले तसंही कुठं जायाचं म्हटलं की आनंदच होते." हे खरं होतं. मी दोन दिवसांची रजा टाकली, बहिणीनं पाठवलेली संत्र्यांची पिशवी गाडीत ठेवली, आणि बडनेरा, मूर्तिजापूर करत आम्ही अकोल्याला पोचलो. वाटेत तिन्ही पोरी मागच्या सीटवर धरणांबद्दल इंग्रजीत भांडत होत्या. मी दोनदा तोंड घालायचा प्रयत्न केला, दोन्ही वेळा आदरानं बाजूला काढला गेलो.

पुढं जे झालं ते समजायला आमच्या घराण्यातलं माझं पद माहीत पाहिजे.

आमच्याकडे लग्न जुळवायची बैठक बसते, तेव्हा दोन्हीकडची वडीलधारी मंडळी सतरंजीवर ताठ बसलेली असतात. कोणीच माघार घेत नाही, कारण घेतली तर मान जाते. अशा वेळी प्रत्येक बाजूचा एक सैल तोंडाचा माणूस उठतो, "जरा पान खाऊन येतो" म्हणत अंगणात जातो. दुसऱ्या बाजूचाही तसाच एक जण त्याच्या मागे येतो. तिथं निंबाखाली दोघं आपापल्या बाजूची खरी गोष्ट एकमेकांच्या कानात सोडतात. मग आत येऊन बसतात, आणि अर्ध्या तासात सगळं गोडीनं ठरतं. आमच्या बाजूचा तो सैल माणूस गेली पंधरा वर्षं मी आहे. माझ्या चुलत पुतण्याचं लग्न आमच्या वरूडला करायचं की मुलीकडच्यांच्या भातकुलीला, यावर दोन तास अडलं होतं. मी बाहेर जाऊन मुलीच्या मावशाला सांगितलं, "आमचे लोक अजून थोडं ताणतील, मग भातकुलीला तयार होतील. तुम्ही फक्त तोंडातून 'नाही' काढू नका." झालं लग्न भातकुलीला. याला आमच्यात चुगली म्हणत नाहीत. उलट माझ्यावाचून बैठक बसत नाही, असं माझं मत आहे. इतरांचं मी विचारलेलं नाही.

अकोल्याच्या कॉलेजातलं सभागृह पाहून मी पहिल्या दिवशीच गार झालो. अर्धगोलात टेबलं, प्रत्येकावर देशाच्या नावाची पाटी, मागे कोट घातलेली वीस-एकवीस वर्षांची पोरं. बोलायचं असेल तर पाटी उभी धरायची. समोर अध्यक्ष म्हणून बसलेली एक मुलगी, चष्मा लावलेली, इतकी कडक की मला आमच्या मुख्याध्यापकांची आठवण झाली आणि मी नकळत मांडीवरचा हात नीट ठेवला. आम्हा पाहुण्यांना मागच्या भिंतीजवळ खुर्च्या. सगळा कारभार इंग्रजीत चाललेला. मी तो माझ्या मराठीत सांगतोय.

आणि ही पोरं कोण? कोणी दर्यापूरची, कोणी अकोटची, कोणी बाळापूरची. एरवी एकमेकांना "काहून बे" म्हणून हाक मारणारी. पण पाटी हातात आली की अशी बोलायची, जशी काही त्यांच्या शब्दावर खरंच कुठंतरी पाणी सुटणार आहे. थायलंड झालेल्या पोरीला तिच्या देशाची बाजू कुठं लंगडी आहे हे पुरतं माहीत होतं, आणि ती तेवढी जागा सोडून बाकी सगळीकडे पाय रोवून उभी होती. माझ्या वर्गात मी दुष्काळाची कारणं लिहून देतो आणि मुलं ती पाठ करतात. इथं मुलं दुष्काळाशी वाटाघाट करत होती.

भाचीच्या मसुद्यात दोन कलमं महत्त्वाची. एक, वरच्या देशांनी नदीतल्या पाण्याची रोजची माहिती खालच्या देशांना द्यायची, फक्त पावसाळ्यात नाही, बाराही महिने. दुसरं, सगळ्या देशांचं मिळून एक पथक वरच्या धरणांवर जाऊन पाहणी करेल. पहिल्या दिवशी संध्याकाळी, अकोल्यात आम्ही उतरलो होतो त्या माझ्या चुलतभावाच्या घरी जेवताना ती म्हणाली होती, "मामा, पाहनी पथक हे फक्त सोडून द्याले ठेवलं हाय. आपल्या जमिनीवर परकं पथक कोन येऊ देईन? शेवटी थे मी सोडतो म्हनीन, आन् त्याच्या बदल्यात बारा महिन्यांची माहिती घेईन." मी मान डोलावली. माझ्या पोटात ती गोष्ट गेली. माझ्या पोटाचं एक आहे, तिथं गेलेली गोष्ट फार वेळ एकटी राहत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी आवारातल्या कडुनिंबाखाली संत्र्यांची पिशवी घेऊन बसलो होतो. एक उंच, हसरा मुलगा समोर आला.

"सलाम मामा. तुमी कंबोडियाच्या साइडचे ना?"

मला इतकं बरं वाटलं. लग्नात मुलीच्या बाजूचा मामा म्हणतात, तसं. "हो," मी म्हणालो, "कंबोडियाच्या बाजूचा मामा. आणि तू?"

"मी लाओस."

म्हणजे धरणवाला. सकाळी यानंच भाचीच्या मसुद्यावर हल्ला चढवला होता, आणि तोही किती रीतीनं! मी त्याला शेजारी बसवलं, संत्रं सोलून दिलं.

"वा मामा, संतरा तो शक्कर है एकदम. वरूड?"

"शेंदूरजनाघाट. माझ्या बहिणीची बाग." मग विचारपूस झाली. अकोल्याचाच. वडिलांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान. घरी उर्दू, गल्लीत वऱ्हाडी, कॉलेजात इंग्रजी, आणि घाईत असला की तिन्ही. त्याचंही शेवटचं वर्ष.

"पर मामा, माह्या नशिबात पायजे तसा देशच नाही येत," तो म्हणाला. "दोन वर्षं झाले, अडवनारेच देश येऊन राहिले. हर बार मैं ही विलन. लाओसने धरण बांधा, लाओसने पानी रोका. अरे, लाओसले काय पायजे हे तर विचारा कोनी! एक बार तो किसी कागज पे पहला नाम अपना हो, के भई ये इस ने दिया. रोका नहीं, दिया."

मला त्याची दया आली. वर निंब, समोर दुसऱ्या बाजूचा माणूस, दोघांच्या हातात खायला काहीतरी. माझी पंधरा वर्षांची सवय आपोआप उठून उभी राहिली. मी त्याच्याकडे झुकलो आणि म्हणालो, "हे बघ, ते पाहणी पथकाचं तू एवढं मनावर घेऊ नको. ते ती सोडणारच आहे शेवटी. तिचा जीव बारा महिन्यांच्या माहितीत आहे. थोडं ताणून धर, मग सगळं गोडीत होईल."

त्याच्या हातातली फोड तोंडाजवळ थांबली. "सच में, मामा?"

"अरे, मामा आहे मी तिचा."

त्यानं फोड खाल्ली, हात पुसले, मला नीट नमस्कार केला आणि गेला. मी समाधानानं दुसरं संत्रं सोललं.

दुपारच्या सत्रात सुटी चर्चा होती. म्हणजे जागा सोडून उठायचं आणि घोळक्यात उभं राहून बोलायचं. भाची आणि लाओस माझ्या खुर्चीपासून दोन हातांवर. ती म्हणाली, "कंबोडिया पाहणी पथकाचा आग्रह सोडायला तयार होऊ शकतो, जर लाओस बारा महिन्यांची माहिती देणार असेल."

लाओस हसला. "पथक तर कंबोडिया तसंही सोडणारच आहे. त्याचे पैसे वेगळे कशाला द्यायचे? माहिती पावसाळ्यापुरती. तेवढीच."

भाचीचा चेहरा पांढरा पडला. तिच्या हातातलं मोठं नाणं कोणीतरी आधीच खोटं ठरवून टाकलं होतं. तिनं आजूबाजूला पाहिलं, आपल्याच गटातल्या देशांकडे संशयानं पाहिलं. माझ्याकडे नाही पाहिलं. तेच मला जास्त लागलं. तिच्या डोक्यातही आलं नव्हतं की मामा असं करेल.

अध्यक्षबाईंनी दहा मिनिटांची सुट्टी दिली. मी पाण्याच्या कूलरजवळ भाचीला गाठलं.

"बाई, एक सांगायचं होतं."

"मामा, आता नको. मले काही सुचून नाही राहिलं. थ्याले कसं कळलं हेच..." आणि ती माझ्या तोंडाकडे पाहून थांबली. माझ्या तोंडावर काही लपत नाही, हे आमच्या शाळेतल्या पाचवीच्या पोरांनाही माहीत आहे.

"तुमी?"

"संत्री खाता खाता निघून गेलं."

तिनं ग्लास भरला. हळूहळू पूर्ण प्याली. मग एवढंच विचारलं, "काहून, मामा?"

"अगं, बैठकीत आपण असंच करतो. दोन्हीकडची खरी गोष्ट बाहेर कळली की आत जुळतं..."

"मामा, बैठकीत दोन्हीकडच्यायले सोयरीक पायजे असते. म्हनून तुमचं बोलनं कामी येते. इथं लाओसले माह्याकडून काहीच नको. पानी वरून खाली येते, थो वर बसून हाय. थ्याले कायची गरज?"

सव्वीस वर्षं भूगोल शिकवून मला हे एवढं एका दमात कधी सांगता आलं नव्हतं. पण ही वेळ तिला तसं सांगायची नव्हती. मी मान खाली घातली.

ती रागावली होती, यात शंका नाही. नाकपुड्या फुलल्या होत्या, अगदी बहिणीसारख्या. पण तिनं राग बाजूला ठेवला, जसा आपण पायातला खडा नंतर काढू म्हणून चालत राहतो तसा. म्हणाली, "बरं. थो काय काय बोलला? सगळं सांगा. जसंच्या तसं."

यात मात्र मी पक्का आहे. मला फोन नंबर लक्षात राहत नाहीत, बायकोनं आणायला सांगितलेली भाजी राहत नाही, पण कोण काय बोललं ते शब्दाला शब्द राहतं. मी सगळं सांगितलं. दुकान, उर्दू, दोन वर्षांचे अडवणारे देश. आणि कागदावरच्या पहिल्या नावाचं.

तिनं हात वर केला. "हे परत सांगा."

"एक बार तो किसी कागज पे पहला नाम अपना हो. रोका नहीं, दिया. असं म्हणाला."

ती हातातल्या मसुद्याच्या वरच्या ओळीकडे पाहत राहिली. तिथं तिच्या वळणदार अक्षरात मुख्य प्रस्तावकाचं नाव होतं. मला कळलं ती काय विचार करतेय.

"नको," मी म्हणालो. "त्याला नको देऊ ते. तुझी शेवटची सभा आहे. माझी चूक, मी जाऊन त्याला सांगतो की मी फेकत होतो..."

"मामा, तुमी आता कोनालेच काही सांगू नका." मग जरा नरमून, "तीन वर्षं झाले, मामा. मलेही वाटते. पन तिथं तळ्यावर जाळं टाकनाऱ्या मानसाले कागदावर कोनाचं नाव हाय थ्याच्याशी काय करायचं हाय? थ्याले पानी किती येऊन राहिलं थे कळलं पायजे."

घंटा वाजली. ती आत गेली.

मी खुर्चीवर बसलो आणि लगेच तिची पाटी उभी झालेली दिसली. अध्यक्षांनी दीड मिनिट दिलं. ती उठली. आवाज चढवला नाही.

कंबोडिया पाहणी पथकाचं कलम मागे घेतो, ती म्हणाली. बदल्यात काही न मागता. लाओसची जमीन लाओसची आहे. पण ज्याच्या घरून पाणी निघतं, त्यालाच ते किती निघालं हे आधी कळतं. खालच्यानं ते मागितलं तर ती तक्रार वाटते. वरच्यानं आपणहून सांगितलं तर तो शब्द असतो, आणि दिलेल्या शब्दाला जग ओळखतं. म्हणून कंबोडिया आपलं मुख्य प्रस्तावकाचं स्थान सोडतो आणि लाओसला विनंती करतो की हा ठराव लाओसनं मांडावा. कंबोडिया खाली, दुसऱ्या ओळीत सही करेल.

तो उंच मुलगा उठायला लागला, परत बसला. सकाळपासून जो कोणत्याही प्रश्नाला अडला नव्हता, त्यानं नुसतं समोरच्या पाटीवरचं आपल्या देशाचं नाव नीट सरळ केलं. मग पाच मिनिटांची सुटी चर्चा मागितली.

पाचाची बारा मिनिटं झाली. मी कान देऊन होतो. त्यानं सहज होकार दिला नाही, आणि त्याबद्दल मी त्याला मानतो. 'शक्य असेल तेव्हा' हे शब्द घाल, म्हणाला. भाची म्हणाली, "शक्य असेल तेव्हा घातलं तर मग बारा महिने कशाला लिहायचे? ते काढून टाकू." तो हसला आणि ते सोडलं. मग तो म्हणाला, लाओसच काय म्हणून एकतर्फी सांगेल? कंबोडियानंही आपल्या तळ्याची पातळी आणि माशांची माहिती वर कळवावी. भाचीनं विचारही केला नाही, तिथल्या तिथं लिहिलं. "हे कंबोडियाच्या लक्षात यायला पाहिजे होतं," असंही म्हणाली. प्रतिस्पर्ध्याला असं मोकळेपणानं म्हणणं मला अजून जमलेलं नाही. व्हिएतनाम झालेल्या मुलानं वाकून तीन शब्द सुचवले, चीन झालेली मुलगी हाताची घडी घालून म्हणाली की चीन विरोध करणार नाही, पण चीनकडून टाळ्यांची अपेक्षाही ठेवू नये.

मग वरची ओळ बदलायची वेळ आली. भाचीनं स्वतः पेन घेतलं. कंबोडियावर एक सरळ रेघ मारली, वर लाओस लिहिलं, आणि खाली दुसऱ्या ओळीत कंबोडिया. अक्षर तसंच वळणदार. मी पाहू नये म्हणून खिडकीबाहेर पाहायला लागलो, आणि तरी पाहिलं.

जागेवर जाता जाता तो मुलगा माझ्या खुर्चीशी थबकला. हळूच म्हणाला, "मामा, सच बोलो. संतरे दे के तुमाले तिनंच पाठोलं होतं ना?"

मी काही बोललो नाही. खोटं सांगवत नव्हतं, आणि खरं सांगितलं असतं तर भाचीची पत घटली असती आणि माझी उरलीसुरलीही गेली असती. त्यानं माझ्या गप्प बसण्याचा भलताच अर्थ घेतला. "मान गए," म्हणाला, आणि कपाळाशी हात नेऊन सलाम करत गेला.

मतदानाला एकेका देशाचं नाव पुकारतात. मी बोटांवर मोजत होतो. बाजूचे एका हातावर, विरोधातले दुसऱ्या. ब्राझीलपर्यंत बरं चाललं, मग तटस्थ लोकांसाठी बोटंच उरली नाहीत आणि माझा सगळा हिशेब कोसळला. शेजारी बसलेल्या एका पालकबाईंना विचारलं, त्या म्हणाल्या, "मी तर माह्या पोराचा टाय सरळ हाय का थेच पाहून राहिली." शेवटी अध्यक्षबाईंनीच चष्मा वर सरकवून सांगितलं, ठराव चांगल्या फरकानं मंजूर.

भाची हलली नाही. दोन्ही हात टेबलावर ठेवून बसून राहिली. तिच्या मागून मला तिची फक्त वेणी दिसत होती, आणि ती अगदी सरळ होती.

मंजूर ठरावाच्या मुख्य प्रस्तावकाला शेवटी एक मिनिट बोलायला देतात. अध्यक्षांनी लाओसचं नाव घेतलं. तो उठला. कोटाचं बटण लावलं. म्हणाला, "लाओस आपला वेळ कंबोडियाला देतो." आणि बसला.

असं करता येतं, हे मला माहीत नव्हतं. आपल्या वाट्याचा वेळ दुसऱ्या देशाला द्यायचा, तशी नियमात सोय आहे म्हणे. भाचीलाही ते अपेक्षित नसावं, कारण उठताना तिची खुर्ची मागे जाऊन आपटली. तिनं मसुदा उचलला. त्यातलं बारा महिन्यांचं कलम वाचून दाखवलं, सावकाश, एकेक शब्द. वाचून झाल्यावर कागद खाली ठेवला आणि म्हणाली, "याचा अर्थ, उद्या सकाळी वरच्या धरणातून किती पाणी सुटलं, हे तळ्यावरच्या कोळ्याला होडी काढायच्या आधी कळेल."

अध्यक्षबाईंनी घड्याळ पाहिलं. "अजून वेळ शिल्लक आहे. कंबोडियाला आणखी काही म्हणायचं आहे?"

"नाही," भाची म्हणाली. "कंबोडियाला एवढंच पाहिजे होतं."

मी उभा राहिलो होतो, ते मला तेव्हा कळलं जेव्हा दाराशी बसलेल्या स्वयंसेविकेनं माझ्या बाहीला हात लावून सांगितलं, "काका, बसा. पाव्हन्यायले टाळ्या वाजवायची परवानगी नाही."

मी बसलो. पण तोवर दोन वाजवून झाल्या होत्या.